पंपावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या वेगवान बोटीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीत १०.५:१ कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) साध्या पेट्रोलवर बिनबोभाट चालतं. मग बोटीतच एवढी काळजी कशाला?

कारण बोटीला उतार नसतो. गाडी वेग पकडते, मग ॲक्सिलरेटर सैल होतो आणि इंजिनाला दम घ्यायला वेळ मिळतो. बोटीत प्रोपेलर सतत पाणी ढकलत असतो. प्रोपेलरला लागणारी ताकद आरपीएमच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ४,८०० आरपीएमवर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दहा मिनिटं पळणं म्हणजे दहा मिनिटं सलग घाट चढणं. पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि प्लगचं टोक तापत जातात आणि त्यांना थंड व्हायला उसंत मिळत नाही. डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) दहा सेकंद निर्धोक चाललेलं इंजिन पाण्यावर तिसऱ्या मिनिटाला नॉकिंग करू शकतं, म्हणजे मिश्रण स्वतःहून भडकून ठोके बसू शकतात.

शिवाय ते नॉकिंग ऐकूच येत नाही. एक्झॉस्टचा गडगडाट, वारा आणि हलवर आपटणारं पाणी यांत तो टकटक आवाज बुडून जातो. गाडीत कान सावध करतात, बोटीत थेट पिस्टनच सांगतो.

एक पॉइंट वाढवला तर मिळतं किती?

ऑटो चक्राच्या सूत्रानुसार ८.५ वरून ९.५ वर गेल्यास कार्यक्षमता सुमारे ३.२ टक्के वाढते आणि ९.५ वरून १०.५ वर जाताना फक्त २.७ टक्के. म्हणजे ४०० अश्वशक्तीच्या इंजिनात पहिल्या पॉइंटला १३ च्या आसपास अश्वशक्ती. प्लेनिंग (पाण्यावर उठून सरकणाऱ्या) बोटीचा वेग ताकदीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून ताशी ९० किलोमीटरची बोट फार तर दीड किलोमीटर पुढे जाते.

म्हणून फक्त कॉम्प्रेशनसाठी चांगलं चालणारं इंजिन उघडू नका. इंजिन काही कारणाने उघडलंच असेल, किंवा जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम बसवायचा असेल, तेव्हा मात्र ही वाढ हिशेबात घेतलीच पाहिजे. थ्रॉटल दिल्यावर बोट पाण्यातून उठते त्या मधल्या आरपीएमला तिचा फायदा खरा जाणवतो.

किती कॉम्प्रेशन सुरक्षित?

आधी पेट्रोलचं बोलू. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याची पेट्रोलची क्षमता. ती मोजण्याच्या रॉन आणि मॉन अशा दोन चाचण्या आहेत, आणि दोन आकडे प्रचलित आहेत: रॉन, आणि रॉन व मॉन यांची सरासरी म्हणजे एकेआय. ८७ एकेआय म्हणजे साधारण ९१ रॉन, ९१ एकेआय म्हणजे ९५ ते ९६ रॉन, ९३ एकेआय म्हणजे ९८ च्या जवळ. निम्मे गैरसमज हे आकडे एकमेकांत मिसळल्याने होतात. कुणी "९१ वर चालतं" म्हणालं, तर कोणतं ९१, हे आधी विचारा.

कार्ब्युरेटरचं, नॉक सेन्सर नसलेलं, मोठ्या बोअरचं व्ही-८ धरलं तर आमचा कल असा: बिडाचे हेड आणि ९१ रॉन असेल तर ९:१ च्या आत राहा. बिडाचे हेड आणि ९५ रॉन असेल तर ९.५ ला थांबा. ॲल्युमिनियमचे हेड उष्णता लवकर ओढून घेतात, त्यांना अर्धा पॉइंट जास्त चालतो. ज्वलनाचा चेंबर बंद (लहान, आटोपशीर) आकाराचा असेल आणि क्वेंच (पिस्टन आणि हेडच्या सपाट भागांमधली फट, पुढे येईलच) नीट बसवला असेल तर १०:१ पर्यंत जाता येतं. त्यापुढे पंपावरच्या पेट्रोलवर जाणं म्हणजे प्रत्येक वेळी टाकी भरताना नशिबावर विसंबणं.

हिशेब करताना तुमच्या धक्क्यावर मिळणारं सर्वांत कमी ऑक्टेनचं पेट्रोल आणि सर्वांत उकाड्याचा दिवस धरा. चांगल्या दिवशी काय चालेल यावर इंजिन बांधू नये.

माझ्या इंजिनाचं खरं कॉम्प्रेशन कसं काढू? कॅटलॉगमधला आकडा पुरेसा नाही का?

नाही. कॅटलॉगमध्ये एक विशिष्ट चेंबर आणि शून्य किंवा गृहीत धरलेला डेक क्लिअरन्स असतो, म्हणजे पिस्टन ब्लॉकच्या वरच्या सपाट भागाच्या (डेकच्या) किती खाली थांबतो ते अंतर. तुमचे हेड आधी कुणी फेस मारून (पृष्ठभाग घासून) घेतले असतील, ब्लॉक घासला असेल, तर तो आकडा निरुपयोगी आहे. पाच गोष्टी मोजायच्या: सिलिंडरचं घनफळ, चेंबर, गॅस्केट, डेक क्लिअरन्स आणि पिस्टनचा डोम (माथ्यावरचा उंचवटा) किंवा खळगा.

चेंबर मोजायला व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं ठेवा. कडेला ग्रीसची पातळ रेघ ओढून ॲक्रिलिकची भोक पाडलेली पट्टी दाबून बसवा. ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट सोडा, शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत. आठही चेंबर मोजा. दोन चेंबरांत २ सीसीपेक्षा जास्त फरक निघाला तर सर्वांत लहान चेंबरवर हिशेब करा, कारण नॉकिंग तिथेच आधी सुरू होतं.

डोमसाठी पिस्टन डेकच्या बरोबर २५.४ मिमी खाली आणा, रिंगच्या वर कडेने ग्रीस लावून फट बुजवा, पट्टी ठेवा आणि स्पिरिट भरा. १०७.९५ मिमी बोअरला सपाट पिस्टनवर २३२.५ सीसी मावायला हवं. २१४.५ मावलं तर डोम १८ सीसीचा.

आता शेव्हरोलेट ४५४ चा एक नमुना. बोअर १०७.९५, स्ट्रोक १०१.६ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे ९३० सीसी. चेंबर ११९, दाबलेलं गॅस्केट १ मिमी जाड आणि १११ मिमी बोअरचं म्हणजे ९.७, पिस्टन डेकखाली अर्धा मिमी म्हणजे ४.६, आणि डोम वजा १८. उरले ११५.३ सीसी. ९३० ला ११५.३ ने भागून एक मिळवा: ९.०७.

वाढवण्याचा सर्वांत चांगला मार्ग कोणता: हेड फेस मारणं, पातळ गॅस्केट की नवे पिस्टन?

आमच्या मते पहिला हात ब्लॉकच्या डेकला लावावा. वरच्या उदाहरणात ब्लॉक अर्धा मिमी घासून पिस्टन डेकच्या पातळीत आणला तर ४.६ सीसी कमी होतात आणि कॉम्प्रेशन ९.४ होतं. पण खरी कमाई वेगळीच आहे. पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यातली फट १.५ मिमीवरून १ मिमीवर येते. या फटीला क्वेंच म्हणतात. पिस्टन वर येताना तिथलं मिश्रण झपकन चेंबरच्या मध्याकडे फेकलं जातं, ज्वाला वेगाने पसरते आणि कोपऱ्यात स्वतःहून पेट घ्यायला मिश्रण उरत नाही. नीट क्वेंच असलेलं ९.४ हे ढिल्या क्वेंचच्या ९.० पेक्षा कमी नॉकिंग करू शकतं. स्टीलच्या कनेक्टिंग रॉडला ०.९ ते १.१ मिमी ठेवा. त्याहून कमी केलं तर जास्त आरपीएमला रॉड ताणला जाऊन पिस्टन हेडला लागतो.

पातळ गॅस्केट सोपं आहे. १ मिमीऐवजी ०.६९ मिमीचं घातलं तर सुमारे ३ सीसी कमी होतात, त्याच इंजिनात कॉम्प्रेशन ९.३ च्या जवळ जातं. पण खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनात गाडीचं गॅस्केट किंवा पातळ पत्र्याचं गॅस्केट घालू नका. पाण्याच्या भोकांभोवती ते गंजतं आणि एक-दोन हंगामांत पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. मरीन वापरासाठी बनवलेलंच घ्या.

हेड फेस मारणं हा तिसरा मार्ग. उघड्या आकाराच्या मोठ्या चेंबरला एक सीसी कमी करायला ०.१३ ते ०.१५ मिमी काढावं लागतं. व्ही इंजिनात हेड खाली आले की इनटेक मॅनिफोल्डची भोकं जुळत नाहीत, म्हणून इनटेकची बाजूही घासावी लागते. पुशरॉडची लांबी आणि लिफ्टरचा प्रीलोड पुन्हा तपासावा लागतो. जुन्या हेडचा डेक किती जाड उरलाय हेही बघा.

उंच डोमचे पिस्टन शेवटी. मोठा डोम ज्वालेच्या वाटेत डोंगरासारखा उभा राहतो. त्याच पैशात लहान, बंद चेंबरचे हेड आणि सपाट पिस्टन मिळत असतील तर तेच घ्या.

कॅम बदलला तर कॉम्प्रेशनचा हिशेब बदलतो का?

बदलतो, आणि हा भाग बहुतेक जण सोडून देतात. इनटेक व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत काही दाबलंच जात नाही. पिस्टन खालून वर निघालेला असतो आणि व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो, म्हणून प्रत्यक्ष दाबला जाणारा स्ट्रोक लहान असतो. वरच्याच ९.४ च्या इंजिनात, १५५.८ मिमीचा रॉड धरून, व्हॉल्व्ह तळबिंदूनंतर ५५ अंशांवर बंद झाला तर डायनॅमिक कॉम्प्रेशन ८.१ येतं. ६५ अंशांवर ७.५ आणि ७५ अंशांवर ६.९.

बिडाच्या हेडच्या बोटीला ७.३ ते ७.७ ही आमची पसंतीची पट्टी. ८.१ वर पंपावरच्या पेट्रोलची पूर्ण थ्रॉटलला खात्री नाही. ६.९ वर इंजिन खालच्या आरपीएमला मेलेलं वाटेल आणि बोट उठायला वेळ घेईल. हिशेबाला व्हॉल्व्ह सीटवर बसतो तो खरा अंश घ्या. कॅमच्या कार्डावरचा ०.०५० इंच लिफ्टचा आकडा घेतला तर उत्तर चुकतं.

पण डायनॅमिक आकडा खाली आणायचा म्हणून वाटेल तेवढा मोठा कॅम घालू नका. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलेलं असतं. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) जास्त झाला की आयडलला एक्झॉस्टचा झोत उलटा फिरतो आणि पाण्याचे थेंब सिलिंडरमध्ये खेचून आणतो. व्हॉल्व्हच्या सीटवर गंज, मग रिंगांवर गंज, आणि एखाद्या सकाळी इंजिन स्टार्टरवर अडकतं. लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबांमधलं कोनीय अंतर) ११२ ते ११४ अंश असलेले मरीन कॅम याचसाठी बनवतात.

इग्निशनचं टायमिंग किती ठेवू?

ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किती अंश आधी पडते, ते टायमिंग. गाडीत ज्या इंजिनाला एकूण ३४ ते ३६ अंश देतात, त्याला बोटीत २८ पासून सुरुवात करा. दोन-दोन अंशांनी वाढवत बघा. वाढ दिसायची थांबली की दोन अंश मागे या. बहुतेकांचा शेवट ३० ते ३२ ला होतो. शेवटच्या दोन अंशांत ताकद नगण्य वाढते, उष्णता मात्र बरीच. मेकॅनिकल ॲडव्हान्स ३,००० ते ३,५०० आरपीएमला पूर्ण व्हावा, त्याआधी नको, कारण बोट उठताना इंजिन नेमकं खालच्या आरपीएमला पूर्ण ओझ्याखाली असतं.

त्याआधी क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरवरची खूण खरी आहे का ते बघा. जुन्या बॅलन्सरचं बाहेरचं कडं रबरावरून सरकतं आणि टायमिंग लाइट ३२ दाखवत असताना इंजिन ३८ वर चालत असतं. प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू) शोधा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मिश्रण आणि इंधनपुरवठ्यात काय चुकतं?

पूर्ण थ्रॉटलला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण १२.० ते १२.५:१ ठेवा. १३ च्या पुढे गेलात तर पिस्टन त्याची किंमत मोजतो. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हे प्रमाण मोजणारा) ओल्या एक्झॉस्टमध्ये टिकत नाही, पाण्याचा थेंब लागताच त्यातलं सिरॅमिक तडकतं. पाणी मिसळण्याआधीच्या कोरड्या भागात जागा असेल तरच तो लावा.

४०० अश्वशक्तीला पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण १२५ लिटर पेट्रोल लागतं. टाकीच्या तोंडाशी असलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह, अरुंद पाइप किंवा अर्धा चोंदलेला वॉटर सेपरेटर एवढा ओघ जाऊ देत नाही. सुरुवातीला सगळं छान, आणि अर्ध्या मिनिटानंतर फ्लोट बोल रिकामा होत जाऊन मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. म्हणून इंधनाचा दाब पूर्ण थ्रॉटलवर, पाण्यावर पळतानाच बघा. अँटी-सायफन व्हॉल्व्ह काढून टाकू नका, मोठ्या ओघाचा बसवा. तो फुटलेल्या पाइपातून टाकी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) रिकामी होण्यापासून वाचवतो.

पिस्टन आणि रिंगांत काही वेगळं लागतं?

फोर्ज केलेले पिस्टन घ्या. हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या ओतीव ॲल्युमिनियमचे) पिस्टन कठीण पण ठिसूळ असतात, नॉकिंगच्या काही ठोक्यांत त्यांच्या रिंगांमधली कड तुटते. थेट बाहेरच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरची भिंत गार आणि पिस्टन गरम अशी विषम स्थिती असते. पिस्टन फुगतो, भिंत फुगत नाही. म्हणून पिस्टन बनवणाऱ्याने मरीन वापरासाठी दिलेली जास्तीची क्लिअरन्सच पाळा. ती साध्या वापरापेक्षा ०.०२५ ते ०.०५ मिमीने मोठी असते.

वरच्या रिंगचा गॅप १०८ मिमी बोअरला ०.४९ ते ०.५४ मिमी. रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकला आणि फिलर गेजने मोजा. गॅप कमी पडला तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि भिंत ओरबाडली जाते. किंचित जास्त गॅपने काही बिघडत नाही.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मातीचा गोळा ठेवून तपासा: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५. व्हॉल्व्हच्या खळग्यांच्या धारदार कडा बारीक कानसेने गोल करा. अशी एक धार लालबुंद झाली की ती ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. हेड बसवताना, बोल्टची जी भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात तिथे आट्यांना सीलंट लावा.

कोणता प्लग?

कॉम्प्रेशन एक पॉइंट वाढलं तर एक पायरी थंड. लांबी तपासा, चेंबरमध्ये उघड्या पडलेल्या आट्याही तापतात.

नॉकिंग ऐकू येत नाही म्हणता, मग कळणार कसं?

नवे प्लग घाला, पूर्ण थ्रॉटलवर दोन-तीन मिनिटं पळवा. मग त्याच वेगावर इग्निशन बंद करून न्यूट्रल करा आणि बोट आपोआप थांबू द्या. हे मोकळ्या पाण्यात, सगळे बसलेले असतानाच करा. प्लग काढून भिंगाखाली पांढऱ्या सिरॅमिकवर बघा. मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू आहे. चकचकीत बारीक गोळ्या दिसल्या तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी पुढे जाऊ नका, टायमिंग चार अंश मागे घ्या आणि मिश्रण तपासा.

नॉकिंग आणि प्री-इग्निशन यांत गल्लत करू नका. नॉकिंगमध्ये ठिणगीनंतर कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं; पिस्टनची कड वाळूने घासल्यासारखी होते, रिंगांमधली कड तुटते. प्री-इग्निशनमध्ये तापलेल्या बिंदूमुळे ठिणगीआधीच आग लागते आणि पिस्टनच्या मध्यभागी भोक पडतं. पहिलं चालू राहिलं की ते दुसऱ्याला जन्म देतं.

प्रोपेलरचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर तत्त्वतः जेवढा पुढे सरकतो ते अंतर) जास्त असला तर इंजिन कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटलखाली रखडतं, आणि नॉकिंगला हीच स्थिती सर्वांत आवडते. नेहमीच्या वजनासह, भरल्या टाकीने इंजिन त्याच्या ठरलेल्या कमाल आरपीएमच्या वरच्या टोकाला पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर पिच कमी करा. एक इंच पिचने १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. कॉम्प्रेशन वाढवल्यावर लगेच मोठा पिच लावण्याचा मोह होतो. आधी प्लग वाचा, मग पिच.

थर्मोस्टॅट?

खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणाऱ्या इंजिनात ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचा, कारण त्यापुढे क्षार जॅकेटमध्ये जमू लागतात. गोड्या पाण्यावर किंवा बंद कूलिंगवर ७१ अंशांचा. ॲल्युमिनियमचे हेड खाऱ्या पाण्यात वापरायचे असतील तर बंद कूलिंग लावाच. इंजिनाच्या खोलीतली गरम हवाही विसरू नका: हॅचखालून बाहेरची हवा मिळेल अशी वाट ठेवा.

ऑक्टेन बूस्टरची बाटली घातली तर?

बाटलीवरचा "पॉइंट" म्हणजे बहुधा ऑक्टेनचा दहावा भाग. "१० पॉइंट" म्हणजे एक. त्यावर इंजिन बांधता येत नाही.

हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल चालेल?

वाढवलेल्या कॉम्प्रेशनला नाही. हलके घटक उडून गेलेले असतात. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि वर राहिलेलं पेट्रोल दोन-तीन ऑक्टेन गमावून बसतं. इंजिन तळातूनच ओढतं, त्यामुळे आधी पाणी, मग हे कमजोर पेट्रोल. १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल बोटीत घालू नका. ब्रीदरमधून तेलाची वाफ इनटेकमध्ये येत असेल तर तीही बंद करा, चेंबरमधलं तेल ऑक्टेन खाली ओढतं.

उंचावरच्या तलावात उत्तम चालणारं इंजिन समुद्रावर नेलं तर?

दर ३०० मीटर उंचीला ताकद सुमारे ३ टक्के घटते, तसा सिलिंडरमधला दाबही. १,५०० मीटरवर बिनतक्रार चाललेलं ९.८ चं इंजिन समुद्रसपाटीवर त्याच टायमिंगने पिस्टन फोडू शकतं. समुद्राचा हिशेब करूनच बांधा.

काम झाल्यावर पडताळणी कशी करू?

इंजिन गरम करा, इग्निशन आणि इंधन बंद करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच फेरे द्या. वरच्यासारख्या इंजिनाला १५० ते १७५ पीएसआय अपेक्षित आहे. १८५ च्या वर गेलं तर कॅमचं टायमिंग किंवा चेंबरचं मोजमाप कुठेतरी चुकलंय. सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. प्लगच्या भोकांजवळ स्पार्क उडू देऊ नका आणि स्टार्टर फिरवण्याआधी बिल्ज ब्लोअर चार मिनिटं चालवा. डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, अल्टरनेटर मरीनचेच आणि कार्ब्युरेटरवर फ्लेम अरेस्टर (ज्वाला बाहेर येऊ न देणारी जाळी) हवाच. गाडीचे स्वस्त भाग बंद हॅचखाली पेट्रोलची वाफ पेटवतात.

पहिल्या दिवशी पूर्ण थ्रॉटल दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. प्लग बघा, मग तीस सेकंद, पुन्हा प्लग, मग तीन मिनिटं.